न विचारता बसवलेली तांबी

"तांबी छान बसली आहे," सोनोग्राफीच्या डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या.

"कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "या टेबलावर आत्ता आणखी कोणी झोपलंय का?"

पुण्यात प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर मिळतं याची मला सवय आहे. पण त्या दिवशी मला खरोखरच उत्तर हवं होतं. मी पाठदुखीसाठी आले होते. शिवणकाम करणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच, असं म्हणून मी ते दुखणं बरेच महिने अंगावर काढलं होतं. पाळीत फार जात होतं, तेही वयाच्या खात्यावर टाकलं होतं. शेवटी नवऱ्याने हट्ट धरून पाठवलं. आणि आता या बाई मला सांगत होत्या की माझ्या गर्भाशयात कॉपर-टी आहे, जिला आमच्याकडच्या सगळ्या बायका तांबी म्हणतात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. करड्या धुरकट चित्रात एक पांढरी रेघ होती आणि तिच्या डोक्यावर आडवी दुसरी.

"दोरा वर ओढला गेलाय, म्हणून हाताला लागत नसेल. बाकी जागच्या जागी आहे."

"मी तांबी बसवलेली नाही," मी म्हणाले.

"बायका विसरतात."

मी भडकले. गिऱ्हाइकाचं माप एकदा घेतलं की पुढच्या दिवाळीपर्यंत माझ्या लक्षात राहतं, आणि माझ्याच पोटात काय बसवलं ते मी विसरेन? पण बाहेर रांग होती आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारलीसुद्धा. मी कापसाने पोट पुसलं, साडी सावरली आणि बाहेर आले. गेली दोन वर्षं, किंबहुना थोडं जास्तच, मी आणि नवरा दुसऱ्या मुलाची वाट बघत होतो.

आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. आम्हाला मदत करणाऱ्या संस्थेतल्या ताई आम्हाला ‘एचआयव्हीसह जगणारे’ म्हणायला शिकवतात. मला ते गच्चीसह फ्लॅट म्हटल्यासारखं वाटतं, म्हणून मी नुसतं ‘आहे’ म्हणते. कुठून आला, आधी कोणाला झाला, हा प्रश्न लोकांच्या ओठांवर येऊन थांबलेला मला दिसतो. मी त्याचं उत्तर देत नाही आणि इथेही देणार नाही.

मुलगी पोटात असताना कळलं. गरोदरपणात सगळ्यांचीच तपासणी करतात, तशी माझी केली. मग नवऱ्याची केली. तो तेव्हा खोकत होता, आणि आम्ही त्याला धुळीचा खोकला समजत होतो. तो सोसायट्यांमध्ये वायरिंगचं काम करतो, भिंती फोडतो, धूळ खातो. निघाला टीबी. माझे दिवस भरत आले तेव्हा तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात खाटेवर होता, आणि त्याचं वजन इतकं उतरलं होतं की मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. खडकीच्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहिलो. आई माझ्यासाठी वारज्याहून येऊन राहिली होती. ती तेव्हा एका बालवाडीत आया होती आणि तिने रजा टाकली होती. सासू-सासरे आधीच गेलेले. त्या काळात मी रोज रात्री गोळी घ्यायचे आणि पोटावर हात ठेवून पडायचे. बाळ हललं की बरं वाटायचं आणि हललं की भीतीही वाटायची. मला ते पोटात असल्याचा एकही दिवस नीट आठवत नाही. मला फक्त भीती आठवते.

मुलगी झाली, सरकारी दवाखान्यात, आपोआप, टाक्यांशिवाय. तिला औषध पाजलं, पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या, आणि दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी झाली. तिला काही नव्हतं. नवरा तोवर बरा होऊन कामाला लागला होता. त्या संध्याकाळी आम्ही विहारात गेलो, मेणबत्त्या लावल्या आणि कोणालाही काही न सांगता घरी आलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, आज काय विशेष? नवरा म्हणाला, "लाइट बिल कमी आलं."

पुढची सगळी वर्षं आम्ही कंडोम वापरला. गोळ्या मिळतात त्या सेंटरवर खिडकीजवळ त्याचा खोका ठेवलेला असतो आणि रांगेतला प्रत्येक माणूस त्या खोक्याच्या वरचा पंखा बघत उभा असतो. नवरा जेवणाच्या डब्याचा सगळ्यात वरचा कप्पा रिकामा घेऊन जायचा आणि भरून आणायचा. घरी ती पाकिटं गोळ्यांच्याच डब्यात असायची. मूल होऊ नये म्हणून लोक ते वापरतात, हे आम्हाला माहीत होतं, पण लक्षात नव्हतं. आमच्या घरात तो औषधाचाच भाग होता. रात्री जेवणानंतरची गोळी, तसं ते.

आणि मग मला मूल हवंसं वाटायला लागलं. मी ब्लाऊज शिवते. बायका दारात आल्या की मी आधी त्यांच्या दंडाकडे आणि छातीकडे बघते. माप वाढलं की मला त्यांच्या सासूच्या आधी कळतं. "ताई, आत कापड जास्त सोडा," असं कोणी म्हणाली की मी काही विचारत नाही, कापड सोडते. अशी एक मुलगी आली होती, बाजारामागच्या गल्लीतली. मी टेप लावत होते आणि ती हसत होती. तिला बाळ हललेलं कळलं होतं. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. मला इतका मत्सर वाटला की मी मापाचा आकडा चुकले. दुसरं मूल मला वंशासाठी नको होतं, मुलीला सोबत हवी म्हणूनही नको होतं. मला फक्त एकदा, भीती न बाळगता, पोटाशी राहायचं होतं.

सेंटरवरच्या डॉक्टरांना मी घाबरत विचारलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. पण त्या म्हणाल्या, तुमच्या दोघांच्याही रक्तात कित्येक वर्षं विषाणू सापडण्याइतका नाही, गोळ्या चुकवत नाही, मग का नाही? मूल हवं असेल तर कंडोम थांबवा, गोळ्या मात्र थांबवू नका, दिवस राहिले की लगेच या. नवरा बाहेर बाकड्यावर बसला होता. मी त्याला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. घरी आल्यावर त्याने डब्यातली पाकिटं काढून माळ्यावर टाकली. पहिल्या काही वेळा आम्हाला दोघांनाही काहीतरी चोरून करतोय असं वाटायचं. एकदा तर नवरा मध्येच थांबून म्हणाला, "नक्की विचारलं होतंस ना?" मी हसत सुटले.

पण काही झालं नाही. महिने गेले. आईने फोनवर दर महिन्याला विचारायचं, "आली का?" मी म्हणायचे, "आली." आई थोडं थांबायची आणि म्हणायची, "बरं." मग मुलीच्या शाळेचं विचारायची. मला वाटायचं, माझ्याइतकीच आशा लावून बसली आहे बिचारी. तिला वाईट वाटू नये म्हणून मी कधीकधी एक दिवस उशिरा सांगायचे.

घरात आम्ही दोघं आपापल्या डोक्यात आपापला गुन्हेगार शोधत होतो. मी गोळ्यांना दोष द्यायचे, मग शिवणयंत्राला, मग वयाला. एका संक्रांतीला मी गोळ्यांची वेळ बदलून बघितली, जणू त्यांना चकवता येणार होतं. नवरा काही बोलायचा नाही. तो टीबीच्या वेळच्या औषधांनी आपण आतून संपलो, असं धरून बसला होता. हे मला फार उशिरा कळलं. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या एका बापाच्या खांद्यावर लहान बाळ होतं. माझा नवरा ते बघत उभा होता आणि मी जवळ गेल्यावर म्हणाला, "तुला दुसरा कोणी मिळाला असता तर एव्हाना झालं असतं." मी त्याला तिथेच, पालकांच्या गर्दीत, इतकं बोलले की मुलगी स्टेजवरून आमच्याकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं की स्त्रीरोगाच्या ओपीडीत दाखवा. मी गेले नाही. त्याला कारण होतं. मुलगी लहान असताना मी एकदा एका खाजगी दवाखान्यात गेले होते आणि माझं काय आहे ते सरळ सांगितलं होतं. त्या बाईंनी मला शेवटी बसायला सांगितलं. म्हणाल्या, टेबल धुवावं लागेल, त्यापेक्षा सगळ्यात शेवटी घेते. मी बसले. माझ्या नंतर आलेल्या बायका आत जाऊन बाहेर आल्या. शेवटी आमच्यातल्या बऱ्याच बायका करतात तेच मी ठरवलं, की कंबरेखालचं काही असेल तर कोणाला दाखवायचंच नाही. खोकल्याला जायचं, तापाला जायचं, तिथे जायचं नाही. कोणी आत बघितलंच नाही, म्हणून ती तांबी मजेत बसून राहिली.

सोनोग्राफीच्या दिवशी मी नवऱ्याला फोन केला. तो वारज्यात एका सोसायटीच्या मीटररूममध्ये होता आणि मागे कोणीतरी ड्रिल चालवत होतं. मी सांगितलं. तो "काय?" म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा "काय?" म्हणाला, आणि मी फोन ठेवून दिला. बसला उभी राहिले, बस आली, चढले नाही. चालायला लागले. संचेतीच्या चौकापासून खडकीपर्यंत कोणी चालत येतं का? मी आले. वाटेत मी सगळ्यांना धरून झोडपत होते, दवाखान्याला, सिस्टरना, त्या कोण ते टेबल धुणाऱ्या बाईंना. घरी येऊन मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या तयार ब्लाऊजची बाही उसवून ठेवली. ती बाही चांगली होती. ती का उसवली ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी, मुलगी जिथे झाली होती त्या दवाखान्यात गेले. इतक्या वर्षांनी मला कोण ओळखणार? प्रसूतीच्या वॉर्डच्या दारात एक सिस्टर चहा पीत उभ्या होत्या. मी म्हणाले, मला न विचारता इथे तांबी बसवली. मी भांडायलाच गेले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि फार शांतपणे म्हणाल्या, "बाळंतपण झालं की लगेच बसवतात, ते खरं आहे. पण पेशंटला, नाहीतर नातेवाइकाला विचारल्याशिवाय आम्ही बसवत नाही. तुमच्या बरोबर कोण होतं?"

तिथे एका बाईमाणसाला आत थांबू देतात. माझ्या बरोबर एकच माणूस होतं.

वारज्याला आई भावाकडे राहते. मी पोचले तेव्हा भाऊ-वहिनी कामावर गेलेले आणि ती बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच आत गेले.

"माझ्या पोटात तांबी आहे," मी म्हणाले.

तिने एक काडी मोडली, पानं पातेल्यात टाकली. "हाय," ती म्हणाली.

एरवी आई माझ्यासारखंच बोलते. ती घाबरली की तिची भाषा तिच्या माहेरच्या गावी जाते. त्या एका शब्दावरून मला सगळं कळलं आणि तरी मी विचारत राहिले.

"तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं त्यांना. सिस्टर म्हणाली, आजी, तांबी बसवायची का, पोरीला विचारून घ्या. मी म्हटलं त्यात इचारायचं काय, बसवा."

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तू शुद्धीत कुठं होतीस."

"मी होते शुद्धीत."

"नव्हतीस." मग तिने मेथी बाजूला सारली. "तुझा नवरा तिकडं खाटेवर. डॉक्टर सांगत न्हाईत का बोलत न्हाईत. मला वाटलं ह्यो काय आता उठत न्हाई. तू बी त्याच आजारात. आणि हातात हे लेकरू. एक लेकरू मी सांभाळलं असतं, बालवाडीत घेऊन गेले असते. दोन मला झेपली नसती. तुम्ही दोघं गेल्यावर दोन पोरं घेऊन मी कुणाच्या दारात उभी राहिले असते?"

ती खरं बोलत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तिने आमची मढी बांधून ठेवली होती आणि हिशेबाने वागली होती. मी तिच्या जागी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं. पण मी तिच्या जागी नव्हते, मी टेबलावर होते.

"आणि तो बरा झाल्यावर? मी बरी राहिल्यावर? तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते."

"दोन वर्षं मी तुझ्यापाशी रडतेय."

"सांगणार होते गं." ती आता शहरातलं बोलायला लागली होती. "तू रडायचीस तेव्हा वाटायचं सांगावं. पण मग तू ती काढली असतीस. आणि त्यात तुला काही झालं असतं तर? तुला काही कळत नाही. तू बरी दिसतेस म्हणून तुला वाटतं बरी आहेस."

तेव्हा मला ते दर महिन्याचे फोन आठवले. "आली का?" आणि मग थोडं थांबून "बरं." ती आशा लावून बसली नव्हती. तांबी अजून काम करते की नाही ते बघत होती, आणि तो सुटकेचा श्वास मी दुःखाचा समजले होते. मी तिला हे बोलून दाखवलं नाही. मी उठले, जिना उतरले, खाली आल्यावर लक्षात आलं की मेथीची एक जुडी माझ्या हातात आहे. ती मी वॉचमनच्या खुर्चीवर ठेवून दिली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. खूप हसला. मला आधी राग आला, मग कळलं की इतके महिने त्याने जे स्वतःच्या अंगावर घेतलं होतं ते आत्ता उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आईंचं चुकलं, पण त्यांनी मला गेलेलं धरलं ते बरोबरच होतं. मी पण धरलं होतं." मी म्हणाले, मग जा आणि त्यांच्याच घरी राहा. तो गेला नाही, पण आईला फोन मात्र रोज करायला लागला. मी करत नव्हते, म्हणून त्याने केला.

खरी पंचाईत पुढेच होती. तांबीच्या बातमीने नवरा बदलला. वाट बघण्यात तो माझ्या पुढे होता, आणि आता मूल खरोखर होऊ शकतं म्हटल्यावर तोच कचरला. म्हणाला, "आता ठेवू या का ती? निदान या वर्षी. आपली वयं झाली. मुलगी मोठी झाली. तुला त्या वेळी मी बघितलं नाही, मी नव्हतोच, या वेळी मला बघावं लागेल." मी म्हणाले, ठेवायची असेल तर मी ठेवीन, पण आधी ती बाहेर येईल. मग मी ठरवीन. रिकाम्या पोटाने ठरवीन. तो म्हणाला, त्याने काय फरक पडतो? मला हे त्याला नीट सांगता आलं नाही. आईने ठेवलेली वस्तू पोटात ठेवून मला माझं काही ठरवताच येत नव्हतं. डोकं एका जागी बसत नव्हतं. मी मशीनवर बसायचे आणि उठायचे, भाजी चिरायला घ्यायचे आणि अर्धी ठेवून कपडे वाळत घालायला जायचे. मुलगी म्हणायची, "आई, तू बस ना जरा एका जागी."

इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच वाट बघेल. दुसरं मूल अजून झालेलं नाही. मी चाळिशीला टेकले आहे. डॉक्टर होणारच नाही असं म्हणत नाहीत आणि होईल असंही म्हणत नाहीत. नवरा शेवटी माझ्या बाजूने आला, पण पाळी आली की त्याला दुःख होतं की बरं वाटतं ते मी आता विचारत नाही. तांबीने जी वर्षं खाल्ली ती चांगली वर्षं होती. आई आणि मी बोलतो. मुलीबद्दल, भाज्यांबद्दल, भावाच्या लोनबद्दल बोलतो. पण फोन उचलताना माझा हात अजून थांबतो.

तांबी काढायला मी सरकारी दवाखान्यातच गेले. केसपेपर दिल्या दिल्या सांगून टाकलं की मला एचआयव्ही आहे, शेवटी बसवायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी घरी जाते. डॉक्टर तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचा नंबर आला की या. प्रत्येकीनंतर टेबल पुसतातच." नंबर आला तेव्हा गेले. दोरा सापडत नव्हता. चिमटा आत घालून शोधावा लागला. मी छताकडे बघत दात आवळून पडले होते, आणि त्या "सॉरी, सॉरी, झालंच" म्हणत होत्या. मग त्यांनी ती काढून माझ्यासमोर धरली. पांढऱ्या प्लॅस्टिकची, करंगळीहून लहान, भोवतीची तार काळी पडलेली. एवढीशी.

"ठेवायची आहे तुम्हाला?"

"फेकून द्या."

त्यांनी फेकली, हातमोजे काढले आणि टेबलाशी बसून विचारलं, "आता काय वापरणार? पुन्हा तांबी बसवता येते, इंजेक्शन आहे, कंडोम तर आहेच. मिस्टरांचं ऑपरेशनही होतं, ते सोपं असतं." त्या हे सगळं मला विचारत होत्या. माझ्याकडे बघून विचारत होत्या. मला रडू यायला लागलं आणि ते यावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

"मला मूल हवंय," मी म्हणाले.

"मग ही फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून सुरू करा," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

बाहेर आले तर बाकड्यावर आई बसली होती. मी बोलावलं नव्हतं. नवऱ्याने सांगितलं असणार. वारज्याहून दोन बस बदलून आली होती आणि मांडीवर पाण्याची बाटली उभी धरून बसली होती. मला चालताना ओटीपोटात कळ येत होती, म्हणून मी तिच्या शेजारी टेकले.

"फार दुखलं का?" तिने विचारलं.

"तुला माहीत असेल की. बसवताना तू होतीस." मी मुद्दाम म्हणाले. तिला लागावं म्हणूनच म्हणाले.

आईने बाटलीचं झाकण घट्ट असूनही पुन्हा पिळलं. "तेव्हा लई दुखलं तुला," ती म्हणाली. "तू शुद्धीत होतीस. मी खोटं बोलले त्या दिवशी. सगळं कळत होतं तुला. माझा हात धरलास आणि म्हणालीस, आई, आता काय करतायत, बास म्हण त्यांना. मी म्हटलं, वार काढतायत. वार काढल्याशिवाय सोडत न्हाईत. बाळामागची वार तर कधीच पडली होती."

ते दुखणं मला चांगलं आठवत होतं. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या पोटुश्या बायकांना मी इतकी वर्षं, तोंडात टाचण्या धरून, सांगत आले होते, की बाळ येताना दुखतं त्याचं काही नाही, वार काढताना जीव जातो. अगदी छातीठोकपणे सांगायचे. पुढे बाळंत होऊन आल्या की त्यांच्यातल्या काही जणी म्हणायच्या, "ताई, मला तर वार कधी पडली ते कळलंही नाही." मी त्यांना म्हणायचे, तुमचं नशीब चांगलं.